मधली पट्टी

मुंबई-पुणे रस्त्यावरून नुसत्या चेसी जायच्या. त्या बघायला मी लहानपणी दापोडीत रस्त्याच्या कडेला उभी राहायचे. चेसी म्हणजे गाडीचा उघडा सांगाडा. पुढं इंजिन, मागं लांबलचक लोखंडी पट्ट्या, खाली चाकं आणि इंजिनाच्या मागं ठोकलेल्या लाकडी खोक्यावर बसलेला ड्रायव्हर. टप नाही, काच नाही, दार नाही. वारा आणि धूळ चुकवायला त्यानं डोक्याभोवती, तोंडाभोवती टॉवेल गुंडाळलेला असायचा आणि डोळ्यांवर मोठा काळा गॉगल. त्याचे डोळे कधी म्हणजे कधी दिसले नाहीत. मला तो वेताळ वाटायचा.

वेताळ म्हणजे इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ, विक्रमाच्या खांद्यावरचा नव्हे. तो आमच्या गल्लीत भाड्यानं मिळायचा. एका घराच्या ओट्यावर सुतळी बांधून तिच्यावर अंक वाळत घातल्यासारखे लटकवलेले असत. दहा पैशांत एक अंक, तिथंच बसून वाचायचा. घरी नेला तर पंधरा पैसे. इंद्रजाल 1964 च्या मार्चमध्ये सुरू झालं आणि 1990 साली बंद पडलं. आबिद सुरतींचा बहादूर त्यात 1976 पासून आला आणि मुलांना तो फार आवडायचा. मला मात्र वेताळच हवा असे. ली फॉकनं त्याला 1936 साली अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांसाठी जन्माला घातलं, त्याच्या कवटीच्या गुहेत वीस पिढ्यांचे वेताळ पुरलेले आहेत आणि हा एकविसावा, हे सगळं मला तोंडपाठ होतं. बाप मेला की मुलगा तोच पोशाख घालतो, तीच कवटीची अंगठी बोटात चढवतो, आणि जंगलातल्या लोकांना वाटतं की हा माणूस मरतच नाही. मी अप्पांच्या, माझ्या वडिलांच्या, डब्यातला एक नट बोटात घालून फिरायचे. बोट हिरवट काळं पडायचं. त्याची मला मोठी ऐट होती.

पण मला खरी ओढ कशाची होती, ते सांगायला मला पुढं कितीतरी वर्षं लागली. वेताळ शहरात जायचा तेव्हा अंगावर लांब कोट, डोक्याला हॅट आणि डोळ्यांवर काळा चष्मा चढवायचा. एका चौकटीत तो मुखवटा घातलेला, घोड्यावर बसलेला. पुढच्या चौकटीत कोट घालून विमानतळावर उभा. मी त्या दोन चौकटींच्या मधे नाक खुपसून बघायचे. तिथं काहीच नसायचं. बोटाच्या नखाएवढी रुंद पांढरी पट्टी, बस्स. कोट त्यानं कुठं घातला? आधी कुठली बाही चढवली? कोट घालताना त्याला आपण आता कोण आहोत असं वाटत असेल? हे चित्रकार दाखवत नव्हता. जे बघायला मी दहा पैसे मोजायचे, ते नेमकं त्या पट्टीत घडून जायचं.

सुपरमॅन कपडे बदलायला टेलिफोनच्या खोक्यात शिरतो हे जगभर माहीत आहे. 1978 च्या सिनेमात तो असाच एका टेलिफोनपाशी येतो, पण त्याला चारी बाजूंचं खोकं नाही, नुसता आडोसा आहे. तो क्षणभर घुटमळतो आणि पुढं जातो. थिएटरात लोक हसले. मला त्याच्याबद्दल वाईट वाटलं. बदलायला माणसाला चार बाजूंनी झाकलेली जागा लागते आणि ती त्याला मिळाली नव्हती.

पुढं स्कॉट मॅक्क्लाउड या अमेरिकन चित्रकथाकाराचं 1993 चं पुस्तक हाती आलं. दोन चौकटींच्या मधल्या त्या रिकाम्या जागेवरच चित्रकथा उभी असते, तिथं जे घडतं ते वाचणाराच मनात घडवतो, असं त्यानं चित्रं काढून समजावलं आहे. वाचताना मला आनंद झाला. पण नवल वाटलं नाही, कारण ती जागा मी आधीच आतून पाहिलेली होती. दापोडीतच.

अप्पा एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत होते. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला पुण्याहून अहमदनगरला गेली हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ज्या गाडीत बसून आपण आजोळी जातो ती बांधते कोण, हे कुणी विचारत नाही. दापोडी, छत्रपती संभाजीनगरची चिकलठाणा आणि नागपूरची हिंगणा अशा तीन ठिकाणी एसटी स्वतःच्या गाड्या स्वतः बांधत आली. ‘बांधणं’ हाच शब्द. घर बांधतात तशी गाडी बांधायची. कंपनीकडून येते ती चेसी. तिच्यावर फासळ्या उभ्या करायच्या, त्यांवर ॲल्युमिनियमचे पत्रे चढवायचे, मग खिडक्या, बाकं, रंग. अप्पा पत्र्याच्या कामावर होते.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा असायची आणि त्या दिवशी घरच्यांना आत जाता यायचं. 1982 च्या खंडेनवमीला अप्पा मला घेऊन गेले. झेंडूच्या माळा घातलेली प्रेस, हळदी-कुंकू लावलेले पाने, पेढ्यांचा वास आणि त्याखाली न जाणारा तेलाचा वास. एका कडेला अर्धी बांधलेली गाडी उभी होती. तिला फासळ्या होत्या, कातडं नव्हतं. अप्पांनी मला काखेत धरून वर चढवलं. आत बाकं नव्हती, तळाला फळ्याही अर्ध्याच होत्या. फटीतून खाली जमीन दिसत होती. एका बाजूला सात-आठ पत्रे लागलेले, दुसरी बाजू उघडी.

“ही आत्ता चेसी हाये का येष्टी?” मी विचारलं.

अप्पा माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, “कागदावर अजून चेसीच. पण आम्ही तिला गाडीच म्हणतो. पहिली फासळी उभी राहिली की गाडी.”

मग त्यांनी डॉली दाखवली. डॉली म्हणजे मुठीत मावेल असा जड लोखंडी ठोकळा. पत्र्याला रिव्हेट मारायला माणसं दोन लागतात. एक बाहेरून ठोकतो, दुसरा आतून डॉली घट्ट दाबून धरतो. ठोका बाहेर बसतो, पण रिव्हेटचं डोकं आतल्या बाजूनं चपटं होतं, ते डॉलीमुळं. ठोकणारा सगळ्यांना दिसतो. डॉली धरणारा पत्र्याच्या आड असतो आणि शेवटचा पत्रा लागला की तो गाडीच्या पोटातच असतो. अप्पा डॉली धरायचे. मी फासळीला हात लावून उभी होते. एका चौकटीत चेसी, दुसऱ्या चौकटीत लाल गाडी, आणि मी त्या दोहोंच्या मधल्या पट्टीत. तिथं माझे अप्पा रोज आठ तास काढत होते.

पुढच्या वर्षी गणपतीत गल्लीतल्या मंडळानं हलता देखावा करायचं ठरवलं. पुण्याचे हलते देखावे बघायला आम्ही दर वर्षी हॅरिस पूल ओलांडून जायचो. बोपोडी, खडकी मागं टाकून शिवाजीनगरपर्यंत पोचेतो पाय दुखायला लागायचे. मान हलवणारे राक्षस, हात वर करणारे मावळे. सगळे एकच हालचाल पुन्हा पुन्हा करायचे आणि आपण दोरीच्या अलीकडून बघायचं. अप्पा म्हणाले, आपल्या देखाव्यात बघणाऱ्याला काहीतरी काम असलं पाहिजे. हे त्यांना कुठून सुचलं ते मला माहीत नाही. डॉली धरणाऱ्या माणसालाच सुचावं असं ते होतं, असं आज वाटतं.

विषय माझ्या दप्तरातून निघाला. माझ्याकडं अमर चित्रकथेचा वाल्मीकीवरचा अंक होता, बक्षीस मिळालेला. अनंत पैंनी 1967 साली सुरू केलेल्या त्या मालेतली चित्रं काढणाऱ्यांत आपल्याकडचे किती हात होते! राम वाईरकर, दिलीप कदम, आणि पुण्याचे प्रताप मुळीक, ज्यांनी शिवाजीही काढला आणि पुढं 1986 साली हिंदीतला नागराजही. आमच्या पुलापलीकडच्या शहरात बसून एक माणूस ही चित्रं काढतो हे कळलं असतं तर मी चालत गेले असते. अप्पांनी तो अंक दोन दिवस उशाशी ठेवला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “वाल्या करू.”

गोष्ट आपल्या सगळ्यांची. वाल्या कोळी वाटमारी करायचा आणि माणूस मारला की रांजणात एक खडा टाकायचा. सात रांजण भरले. मग नारद भेटला, मग तप, मग अंगावर वारूळ चढलं आणि वारुळातून निघाला तो वाल्मीकी. अप्पांनी सात रांजण मांडले. सहा तोंडापर्यंत भरलेले. सातवा थोडा रिकामा. त्याच्या शेजारी खड्यांचं घमेलं. खडा बघणाऱ्यानं टाकायचा.

सातव्या रांजणात तिरपी पत्र्याची पट्टी होती. खडा तिच्यावर पडला की ती दबायची, दारावरच्या घंटीसारखा तिचा जोड लागायचा आणि खडा घरंगळत खालच्या पोत्यात जायचा. त्या जोडातून वायर, वायरीतून हॉर्नचा रिले, रिलेतून जुन्या बाजारात घेतलेली वायपरची मोटर. मोटर फार फिरते म्हणून सायकलची चेन आणि लहानमोठी दोन चाकं लावून तिला हळू केलं होतं. चेन एका प्लायवूडच्या चकतीला फिरवायची आणि चकतीवर मूर्ती. एकच मूर्ती, पण दोन तोंडांची. पुढून काळी दाढी, कुऱ्हाड. मागून पांढरी दाढी, मिटलेले डोळे. भोवती तारेच्या जाळीवर गोणपाट आणि शाडू थापून केलेलं वारूळ, समोर एक भोक. खडा पडला की चकती अर्धा फेरा घ्यायची, मग तिचा बोल्ट एका बटणावर टेकायचा आणि ती थांबायची. भोकात वाल्या होता, तिथं वाल्मीकी यायचा. पुढचा खडा पडला की पुन्हा वाल्या. हे काही गोष्टीत नाही, पण मोटरला तेवढंच येत होतं आणि कुणी तक्रार केली नाही.

रांग लागली. दोरीच्या अलीकडून बघायची सवय झालेले लोक घमेल्यात हात घालताना आधी बिचकायचे. बायका खडा निवडून घ्यायच्या, तांदळातला खडा निवडावा तसा. एक आजी खडा टाकायलाच तयार होईना. म्हणाली, “मी का मारू माणूस?” गोष्ट तिनं आमच्या सगळ्यांपेक्षा नीट ऐकली होती. अप्पांनी तिला हात जोडले आणि स्वतः खडा टाकला.

तिसऱ्या दिवशी पाऊस झाला. प्लायवूड पाणी पिऊन फुगलं आणि चकती पाव फेऱ्यावर अडकली. मोटर घुंघुं करत राहिली. अप्पांनी धावत जाऊन वायर काढली. भोकात जे दिसत होतं ते कुणालाच दिसायला नको होतं. डाव्या कडेला वाल्याचा अर्धा गाल, उजव्या कडेला वाल्मीकीचा अर्धा गाल आणि मधोमध चार बोटं रुंदीची उभी पट्टी. रंगवलेलीच नव्हती. ती बाजू कधी समोर येणारच नव्हती, म्हणून रंगाऱ्यानं रंग वाचवला होता. कागदाच्या लगद्यावर चिकटवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या तिथं तशाच दिसत होत्या. एका जागी अर्धा मथळा होता, एका जागी बाजारभावातले आकडे.

मला शरमेनं रडू आलं. अप्पांचं काम सगळ्यांसमोर उघडं पडलं होतं. पण रांग हलेना. लोक पुढं येऊन, वाकून, त्या पट्टीकडं बघत होते. इतके दिवस वाल्याकडं बघून ‘अरे वा’ म्हणून जाणारी माणसं आता थांबत होती. एका लहान पोरानं विचारलं, “आता हा कोण आहे?”

कुणाला सांगता येईना. मीही अप्पांना फासळ्यांच्या गाडीत हेच विचारलं होतं.

तेव्हा आमच्या शेजारचे काका बोलले. दापोडीत आमच्या चाळीत निम्मी घरं बौद्ध होती. काका तरुणपणी देहूरोडला गेलेले, 25 डिसेंबर 1954 ला बाबासाहेबांच्या हस्ते तिथल्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना झाली तेव्हा. त्या दिवसाबद्दल बोलताना ते नेहमी आधी उभे राहायचे. ते पोराला म्हणाले, “बाळ, तेरा ऑक्टोबरला, 1935 साली, येवल्याला बाबासाहेब म्हणाले की हिंदू म्हणून मरणार नाही. आणि 1956 च्या चौदा ऑक्टोबरला नागपूरला दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षं आणि एक दिवस. पुस्तकात ही दोन पानं एकापुढं एक येतात. त्या एकवीस वर्षांत ते कोण होते, हे विचारायचं असतं. शिकत होते, लिहीत होते, घटना लिहिली, कुठला धर्म माणसाला माणूस म्हणतो ते तपासत होते. मधेच होते ते.”

पोराला किती कळलं कोण जाणे. मी दहा वर्षांची होते, मलाही सगळं कळलं नाही. पण येवला आणि नागपूर अशा दोन चौकटी मला डोळ्यांपुढं स्पष्ट दिसल्या आणि त्यांच्या मधली पट्टी एवढी रुंद झाली की तिच्यात एक माणूस केस पिकेपर्यंत काम करत बसलेला होता. अमर चित्रकथेनं 1979 साली बाबासाहेबांवर अंक काढला होता, चित्रं दिलीप कदमांची. तो काकांकडं होता. त्यानंतर मी तो उसना आणून पुन्हा वाचला आणि प्रत्येक पानावर पांढऱ्या पट्ट्यांपाशी थांबत गेले.

रात्री अप्पांनी चकतीची कड कानशीनं घासली. रंगारी डबा घेऊन आला. पट्टी रंगवून टाकू म्हणाला, काळ्यातून करडा, करड्यातून पांढरा. अप्पा म्हणाले, “नको. राहू दे तशीच.” त्यांनी चकतीच्या पाव फेऱ्यावर आणखी एक बोल्ट बसवला. तो बटणावर टेकला की मोटर थांबायची. तिथून पुढं कुणीतरी पुन्हा खडा टाकेपर्यंत मूर्ती तशीच, अर्धी राहायची. एक खडा टाकला की मधली पट्टी. वाल्मीकी हवा असेल तर दुसरा. पुष्कळ लोकांनी एकच टाकला आणि बघत उभे राहिले. विसर्जनापर्यंत रांजणाखालचं पोतं रोज दोनदा रिकामं करावं लागलं.

तो देखावा मोडला, चकती कुणाच्या तरी कोंबड्यांच्या खुराड्याचं झाकण झाली. शिल्प, कलाकृती असले शब्द तेव्हा कुणी वापरले नाहीत. मीसुद्धा ते फार उशिरा वापरले, मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात सुदर्शन शेट्टींची ‘फ्लाइंग बस’ पाहिली तेव्हा. 2012 साली मेकर मॅक्सिटीच्या आवारात उभी केलेली ही लाल डबल डेकर बस, मुंबईच्या जुन्या बसची हुबेहूब प्रतिकृती, आणि तिला दोन्ही बाजूंना धातूचे मोठे पंख. बघणाऱ्यानं दुरून बघून निघून जावं अशी ती नाही. आत शिरता येईल, आत लहानसं प्रदर्शन मांडता येईल अशीच ती घडवली आहे. मुंबईत डबल डेकर 1937 साली आली आणि जुन्या पद्धतीची शेवटची 15 सप्टेंबर 2023 ला रस्त्यावरून गेली. मोडीत निघणाऱ्या गाडीला शेट्टींनी पंख दिले. कॉमिक्सच्या पानात शोभावं असं ते रूप आहे. पण पान उलटलं की निघून जाणारं नाही. त्याच्याभोवती फेरी मारता येते.

भाचीच्या व्हिसाच्या कामासाठी आम्ही तिकडं गेलो होतो, 2013 च्या हिवाळ्यात. अप्पा बरोबर होते, निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झालेले, गुडघे दुखणारे. बस दिसल्यावर ते गुडघे विसरले. मी म्हटलं, आत जाऊ या. ते म्हणाले, “आत मागनं. आधी बाहेरनं बघू.” ते पंखाखाली जाऊन उभे राहिले आणि जिथं पंख बसला मिळतो तिथं, खालच्या बाजूनं, डोळे बारीक करून बघू लागले. दोन बोटं हवेतच त्या सांध्यावरून फिरवत होते. पंखांची टोकं आकाशाकडं, लोकांचे कॅमेरे टोकांकडं, आणि अप्पा मान वाकडी करून सांध्याखाली.

“काय बघताय?”

“इथं हाये बघ,” ते म्हणाले. “इथवर बस. तिथनं पंख. आणि ही एवढी जागा कुणाचीच नाही. ह्या एवढ्यासाठी त्यांनी सगळ्यात जास्त राबलेलं असणार.”

मी त्यांच्या शेजारी वाकले. त्यांच्या खांद्याला शर्टाच्या इस्त्रीचा आणि तंबाखूचा वास येत होता. आम्ही आत गेलो की नाही ते मला आता आठवत नाही. सांधा आठवतो.

एसटीनं आपल्या साध्या गाड्यांच्या एका पिढीला ‘परिवर्तन’ असं नाव दिलं होतं. गाडीच्या अंगावर मोठ्या अक्षरांत ते लिहिलेलं असायचं. अप्पांना ते फार आवडे. गावाला जाताना स्टँडवर ती गाडी लागली तरच बसायचे, दुसरी सोडून द्यायचे. चढताना दाराशेजारच्या पत्र्यावर तळहात ठेवायचे. त्याच्या आत कुणीतरी डॉली धरून बसलेलं असतं हे मला ठाऊक होतं, म्हणून मी कधी घाई केली नाही. मागचे लोक करायचे.

गेल्या वर्षी माळा आवरताना तो वाल्मीकीचा अंक सापडला. पिना गंजलेल्या, शेवटचं पान गेलेलं. दापोडीला आता मेट्रो थांबते, गल्लीत चौथा मजला चढला, अप्पाही नाहीत. मधल्या पानावर वाल्याची चौकट आणि तिच्या शेजारी वारुळातून उठणाऱ्या वाल्मीकीची चौकट होती. मूर्ती मोठी करायची म्हणून अप्पांनी दोन्ही चित्रांवर पट्टीनं पेन्सिलीच्या रेघा मारून चौकोन पाडले होते आणि प्रत्येक चौकोनात बारीक आकडा घातला होता. एक ते बारा वाल्याच्या अंगावर. मला वाटलं होतं वाल्मीकीच्या अंगावर तेरा येईल. तिथं सतरा होता. मी पान खिडकीजवळ नेलं, चष्मा काढून डोळ्यांशी धरलं. रेघा चौकटीपाशी थांबल्या नव्हत्या. पांढऱ्या पट्टीवरूनही त्या तशाच पुढं गेल्या होत्या आणि त्या रिकाम्या पट्टीत एकाखाली एक चार लहान चौकोन होते. तेरा, चौदा, पंधरा, सोळा.